गोलाचा नवस

आये,

उद्या सकाळी आबा, हौसामावशी आणि मी बिरोबाच्या बनात जाणार आहोत. तुझ्या नवसाचं काय ते तिथं मिटवायचं आहे. देवापुढं उभं राहण्याआधी तुझ्याशी एकदा नीट भांडून घ्यावं, म्हणून हे लिहायला बसलोय. समोर असतीस तर भांडू दिलं नसतंस. "आधी जेव, मग भांड," म्हणाली असतीस, आणि तुझ्या हातचं जेवल्यावर भांडण कुठं शिल्लक राहतं?

तर आता ऐक. असला नवस कुणी बोलतं का गं?

लोक नवस बोलतात ते पोरगं पास होऊ दे म्हणून, सुनेला दिवस जाऊ देत म्हणून, नाहीतर बोअरला पाणी लागू दे म्हणून. आणि तू काय बोललीस? "माझ्या बिरूनं गोल मारला तर पुरणाचा निवद करीन, भंडारा उधळीन, आन् तवर चहाला शिवणार न्हाई." अगं, गोल मारायला माणूस तरी बघून निवडायचास! मी मिडफिल्डर, आणि त्यातही मागं थांबणारा. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा, आपल्या माणसाला द्यायचा, आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभं राहायचं, हे माझं काम. परदेशात गेल्यापासून माझ्या नावावर एकही गोल नाही. गोव्यात असताना एकदा चेंडू डोक्याला लागून आत गेला होता. तोही मारला नव्हता, लागला होता. आणि ते तुझ्या नवसाच्या आधीचं.

आबांना एकदा विचारायचंस तरी. मिलिटरीत असताना ते पलटणीच्या संघातून खेळलेत, माझ्या पायात पहिला चेंडू त्यांनीच सुट्टीवर आल्यावर टाकला. त्यांनी सांगितलं असतं, की बाई, हे पोरगं गोल मारणाऱ्यांतलं नव्हे. पण तू कशाला विचारतेस? तुझा आणि बिरोबाचा व्यवहार परस्पर चालायचा.

मला हे कळलं कधी, तर तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी.

तू गेलीस तेव्हा मी फिनलंडमध्ये होतो. मोसम ऐन भरात होता. आबांचा फोन आला आणि मी मिळेल त्या विमानानं निघालो, तरी पोचलो तो थेट रक्षाविसर्जनाला. तुझं तोंड बघायला मिळालं नाही. त्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. लिहायला गेलो तर हे पत्र तिथंच संपेल.

ओढ्याकाठी निवद मांडला होता. भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा, तुला आवडायचं ते सगळं. आणि कुणीतरी आठवणीनं कपभर चहाही ठेवला होता. आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ!

मग नेहमीसारखं सुरू झालं. ज्याला जे वाटेल ते तो तुला कबूल करायला लागला. मामा म्हणाले, "आक्के, तुजी शेरडं मी माज्या मेंढरात घेतो." कावळा हलला नाही. आबा म्हणाले, "बिरूचं लगीन लावून देतो." कावळ्यानं मान फिरवली. मी म्हणालो, आबांना एकटं पडू देणार नाही. त्यावर तर दोन कावळे उडूनच गेले. उन्हं वर आली, भावकीतली माणसं चुळबुळायला लागली, आणि मला कळेना की तुझा जीव अडकलाय तरी कशात!

तेवढ्यात हौसामावशी एकदम ओरडली, "आवं, त्यो चहा उचला आधी! आक्कानं चहा सोडला हुता!"

आबा तिच्याकडं बघतच राहिले. "सोडला हुता म्हंजे?"

मग मावशीनं रडत रडत सगळ्या भावकीपुढं तुझा नवस सांगितला. स्वतः पुढं होऊन कप उचलला, चहा बाजूला ओतला आणि हात जोडून म्हणाली, "आक्का, बिरू गोल मारतोय. मी सांगती तुला. जा आता सुखानं."

आणि आये, कावळा शिवला! भाकरीचा मोठा तुकडा घेऊन गेला. बायका मावशीच्या पाया पडल्या आणि पुरुषमाणसं सगळी माझ्याकडं बघायला लागली. ज्याच्या नावानं शब्द दिला होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मला तो चहा सोडत नाही. सुट्टीवर घरी आलो की तू सगळ्यांना चहा करून द्यायचीस आणि स्वतः पितळीत गरम पाणी घेऊन बसायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "पित्त वाढतंय रं." तुझं पित्त! दिवसातून चार वेळा चुलीवर आधण ठेवणारी बाई तू. पाहुणा आला की त्याच्या निमित्तानं स्वतःचा कप आधी भरायचीस. आणि मी काय केलं? विमानतळावरून तुझ्यासाठी निळ्या डब्यातला भारी चहा आणला. तू डबा उघडून वास घेतलास, डोळे मिटलेस, आणि म्हणालीस, "लय झ्याक हाय." पुढच्या सुट्टीत तो डबा मला मावशीच्या घरी दिसला. मी तुझ्यावर चिडलो. इतक्या लांबून आणलेली वस्तू वाटून टाकलीस म्हणून तुला बोललो. तेव्हा तरी सांगायचंस ना! नुसती हसलीस.

सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? हसलो असतो आणि म्हणालो असतो, आये, पी चहा, असलं काही होत नसतं. म्हणूनच सांगितलं नसशील.

तू माझा खेळ प्रत्यक्ष एकदाच पाहिलास. मी विश्रामबागेत होस्टेलला होतो तेव्हा. कवठे महांकाळहून एसटीनं आलीस, मैदानाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन बसलीस आणि सामना संपल्यावर पहिला प्रश्न विचारलास, "किती पळीवत्यात रं! पाणी तरी देत्यात का?" पुढं मी कोल्हापूरला गेलो, तिथून गोव्याला, आणि एक दिवस परदेशातल्या त्या छोट्या गावच्या क्लबनं मला बोलावलं. गावानं फेटा बांधला, फ्लेक्स लावला. आणि दर सुट्टीत वेशीपासून घरापर्यंत एकच प्रश्न, "किती गोल मारलंस?" शर्यतीत बैल कितवा आला हे विचारावं तसं. मी म्हणायचो, माझं काम ते नाही. "मग जातोस कशाला?" असं म्हातारे विचारायचे. मला वाटायचं, तूही त्यांच्यातलीच झालीस. गोलासाठी नवस बोललीस म्हणजे तुलाही माझं काम कमी वाटलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग आला होता. तू नसताना तुझा राग आला, याची लाजही वाटली.

पण शब्द दिला गेला होता. परत गेलो आणि मी गोलाच्या मागं लागलो.

काय विचारू नकोस. जिथून जमेल तिथून चेंडू हाणायला लागलो. माझी जागा सोडून पुढं पळायचो आणि मागं पडलेल्या खिंडारातून समोरचे आत घुसायचे. दोन सामने आम्ही माझ्यापायी हरलो. कोच शांत माणूस, आवाज चढवत नाही. त्यानं एकदा विचारलं, "तुला झालंय तरी काय?" मी सांगितलं नाही. काय सांगणार? कावळ्यापासून सुरुवात करायची की चहापासून? त्यानं मला बाकावर बसवलं. श्रावण गेला, भादवा गेला, मी बाकावरच. त्या देशात तोवर थंडी पडायला लागली होती. गुडघ्यावर घोंगडी टाकून म्हाताऱ्यासारखा बसायचो.

शेवटी आमचा कॅप्टन मिका माझ्याशेजारी येऊन बसला. हा एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. तिथली सगळीच तशी. शेजारी शेजारी वर्षभर कपडे बदलतात, पण घरी कोण आहे हे विचारत नाहीत. तू गेल्याचं कळलं तेव्हा एकेकानं हात मिळवला होता, बस्स. मी मिकाला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. त्यानं एवढंच विचारलं, "तुझी आई अजूनही चहा पीत नाहीये, असंच ना?"

मी म्हणालो, "हो. असंच म्हण."

त्यानं बाकीच्यांना सांगितलं असणार. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, आम्ही दोन गोलांनी पुढं होतो, आणि कोचनं मला शेवटी थोडा वेळ आत पाठवलं. तेवढ्यात आम्हाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी मिकाच मारतो नेहमी. त्यानं चेंडू उचलला, चालत माझ्याकडं आला आणि माझ्या हातात दिला.

आये, समोर फक्त एक गोलकीपर. शेंबडं पोरही मारेल असा गोल. मी तुझं नाव घेतलं, बिरोबाचं घेतलं, धावत गेलो आणि चेंडू सरळ त्याच्या हातात दिला! त्याला हलावंसुद्धा लागलं नाही. मी खाली बसलो आणि तोंड झाकून रडायला लागलो. लहानपणी शेरडू हरवलं तेव्हा रडलो होतो तसा, मोठ्यानं. मग कुणीतरी माझ्या अंगावर पडलं. मग दुसरा, मग तिसरा. सगळा संघ. आमचा गोलकीपर त्या टोकापासून पळत आला. नुसते धरून राहिले. पंचानं शिट्टी वाजवून वाजवून उठवलं आम्हाला.

मोसम संपल्यावर कोचनं बोलावलं. म्हणाला, "पुढच्या वर्षी मला तू हवा आहेस. पण तुझी जागा सोडायची नाही. गोल मारायला माझ्याकडं दुसरे आहेत." उत्तर घरी जाऊन विचार करून दे, म्हणाला.

आता सांग, काय विचार करायचा होता? हो म्हणावं तर तुझा नवस जन्मभर तसाच लटकला. नाही म्हणावं तर ज्या कामासाठी होस्टेलपासून जीव काढला, ते गेलं. वय काही थांबत नाही, आणि दुसरा कुठला क्लब माझी वाट बघत बसलेला नाही. घरी आलो तो हेच ओझं घेऊन. आबांना विचारलं. ते म्हणाले, "शबुद भावकीपुढं दिलाय. ऑर्डर म्हंजे ऑर्डर. गोल हुईत नसंल तर देवाला कौल लावून ईचारायचं, नवस बदलून देतोस का म्हणून. त्यो न्हाई म्हणला तर न्हाई." म्हणून उद्याचं बनात जाणं ठरलं.

आणि आज दुपारी मावशीनं सगळं उलटंपालटं करून टाकलं.

ती सोप्यात जोंधळा निवडत बसली होती. मी तिला मोबाईलवर ती पेनल्टी दाखवली. मी प्रयत्न केला होता, हे कुणाला तरी दिसायला हवं होतं. तिनं गोलकीपरकडं बघितलंही नाही. पुढचं बघत राहिली.

"ही कोण रं सगळी?"

"माझ्या संघातली."

"मग तुज्यावर अशी का पडल्यात?"

"चुकला म्हणून, मावशे."

"पुन्यांदा लाव बगू."

पुन्हा लावलं. तिनं सूप खाली ठेवलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आरं बिरू, आक्काला ह्येच पायजे हुतं की रं!"

मग तिनं सांगितलं. तुम्ही दोघी आबांच्या मोबाईलवर माझे सामने बघायचात म्हणे. चेंडू कुठं चाललाय ते तुम्हाला कळायचं नाही, तू नुसती मला शोधायचीस. आणि आमच्यातल्या कुणी गोल मारला की सगळे एकमेकांच्या गळ्यात पडायचे, ढीग व्हायचा, आणि मी तेवढा पाठ फिरवून एकटाच मधल्या रेघेकडं चालत जायचो. मावशी म्हणाली, "आक्काला लय लागायचं त्ये. म्हणायची, हौसे, पोराला वाळीत टाकलंय का गं तितं? सगळी गळ्यात पडत्यात, माज्या बिरूला कोण जवळ घेत न्हाई. त्यानं गोल मारला तर घेत्याल का न्हाई?"

आये! अगं, ती शिस्त होती माझी! गोव्यातल्या कोचनं घासून घासून शिकवलेली. गोल झाला की सगळे नाचतात, पण एकानं तरी मागं जाऊन जागा धरायची. सगळीकडं माझं त्याबद्दल कौतुक व्हायचं. मी अभिमानानं चालत जायचो गं. आणि तू इकडं सोप्यात बसून समजत होतीस, की माझ्या पोराला पंगतीतून उठवलंय!

मी मावशीपुढं मोठ्यानं हसलो. मग हसता हसता थांबलो.

कारण तू अगदीच चुकली नव्हतीस. तिथं जेवायला मी एकटा बसायचो. सणाला खोलीत एकटा असायचो. तू फोनवर रोज विचारायचीस, "जवळ कोण हाय का रं?" मला वाटायचं, निवांत बोलता येईल का ते विचारतेस. मी सांगायचो, "कुणी नाही, बोल." दर वेळी हेच सांगायचो. माझं उत्तर ऐकून तू तिकडं काय करत असशील, हे आज दुपारी पहिल्यांदा मनात आलं. तुला माझं काम कमी वाटलं नव्हतं. तुला ते कळतच नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तुला फक्त मला कुणीतरी कवेत घेतलेलं बघायचं होतं, आणि त्यासाठी गोल लागतो एवढंच तुला दिसलं होतं.

संध्याकाळी आबा रानातून आले तर मावशी उंबऱ्यातच उभी. "दाजी, नवस फिटला."

सगळं ऐकून आबा म्हणाले, "गोल म्हणली हुती न्हवं? गोल झाला न्हाई."

त्यावर मावशी जी तडकली! "आवं, घरात बायकू चहा पीत न्हाई ह्ये तुमाला दिसलं न्हाई, आन् तिचा नवस तुमाला कळतोय व्हय?"

आबा हातपाय धुऊन बाजेवर बसले, आणि मोबाईल मागितला. पेनल्टी बघितली. "परत लाव," म्हणाले. परत लावली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कौल लावायचा न्हाई उद्या. हौसे, पुरणाची डाळ भिजू घाल. बिरू, भंडारा आण."

तर असं आहे. भांडायला बसलो होतो, आणि भांडण काही जमलं नाही. उद्या तुझा नवस फेडतोय. बिरोबाला पटेल ना गं? तुला पटलं तर त्यालाही पटेल, तुमचं परस्पर ठरलेलंच असतं. एकच सल राहते. ती मिठी तू बघायला हवी होतीस. थोडं थांबायचं होतंस.

कोचला मघाशी कळवलं, येतो म्हणून. त्याची अटही मान्य केली. जागा सोडणार नाही, गोलाच्या मागं पळणार नाही. पण ती अट खेळ चालू असतानाची. गोल झाल्यानंतरचं मी तुला कबूल करतो. मिकानं मारू दे, नाहीतर कालच्या नव्या पोरानं मारू दे, मी मागं फिरणार नाही. शिस्त गेली खड्ड्यात. सगळ्यांच्या आधी धावत जाईन आणि गळ्यात पडेन.

तेव्हा पुढच्या मोसमात गोल झाला की मला मैदानाच्या मधे शोधत बसू नकोस, तिथं मी नसेन. नीट बघ. त्या ढिगात सगळ्यात खाली कुणीतरी चेंगरलेलं दिसेल.

तुझा,
बिरू